डिस्कवाल्या मावशींची रिकामी खोकी

दुकानात भिंतभर व्हिडिओ गेम होते आणि त्यातलं एकही खोकं भरलेलं नव्हतं. नवखं गिऱ्हाईक खोकं उचलायचं, कानाशी धरून हलवायचं आणि आत काही वाजत नाही म्हटल्यावर संशयाने गल्ल्याकडे बघायचं. गल्ल्यावर मावशी बसलेल्या असायच्या.

"रिकामंच असतं ते," त्या मान वर न करता म्हणायच्या. "आवडलं तर इकडे आणा. डिस्क माझ्याकडे आहे."

गेमच्या दुकानांचा हा जुनाच रिवाज. भरलेली खोकी फळीवर मांडली तर डिस्क कधी कुणाच्या खिशात जाईल याचा नेम नाही, आणि रिकामं प्लॅस्टिक चोरून कुणाचं भलं होणार? म्हणून नवा माल आला की मावशी आधी प्रत्येक खोकं उघडायच्या. डिस्क काढून पातळ पाकिटात घालायची, पाकीट पाठीमागच्या खणात ठेवायचं, आत जाहिरातींचे चिटोरे असतील ते कचऱ्याच्या डब्यात टाकायचे आणि रिकामं खोकं फळीवर लावायचं. गिऱ्हाईक आलं की सगळं उलट. खणातली डिस्क काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची, दोन्ही बाजू दाखवायच्या आणि त्याच्या डोळ्यांदेखत खोक्यात बसवायची. मधल्या खुंटीवर डिस्क बसली की टक असा आवाज येतो. तो आवाज आला की सौदा झाला.

मावशींनी स्वतः आयुष्यात एकही गेम खेळला नव्हता. त्यांना दाढीमिशा फुटलेले बाप्ये विचारायचे, "मावशी, या दोघांतला कुठला घेऊ?" मावशी डावा पुढे सरकवायच्या. "हा घे. दोन महिन्यांपूर्वी नेलेला एकानेही परत आणला नाही. तो उजवा आठवड्यात परत येतो." यापलीकडे त्यांचं गेमबद्दल मत नव्हतं, आणि गंमत म्हणजे ते सहसा चुकायचं नाही. चुकलं तरी चालायचं. कारण "आमच्याकडून नेलेली डिस्क आम्ही परत घेतो" ही त्या दुकानाची पहिल्या दिवसापासूनची जबान होती.

ती जबान नवऱ्याची. दुकान नवऱ्याने आणि त्याच्या धाकट्या भावाने मिळून काढलं होतं. नवऱ्याच्या बाजूला गेम आणि ते खेळायला टीव्हीला जोडायचे डबे, म्हणजे कन्सोल, भावाच्या बाजूला मोबाइलची दुरुस्ती, मध्ये एक काचेचं कपाट. एक दिवस शटर उचलता उचलता नवरा तिथेच बसला तो उठलाच नाही. मावशी तेव्हा रडल्या नाहीत. भेटायला आलेल्या बायका जिन्यात कुजबुजल्या की बाईचं काळीज दगडाचं दिसतंय. तसं काही नव्हतं. खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, तो आपलाच आहे हे दिसतं पण कळत नाही, तसं त्यांचं सगळं झालं होतं. पायाचं बरं असतं, थोड्या वेळाने मुंग्या येतात. मावशींना त्या मुंग्या यायच्या राहूनच गेल्या.

मूलबाळ नव्हतं. महिनाभराने दीर घरी आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, तिकडे दुकानाचं भाडं अंगावर पडतंय. तुम्ही नुसतं येऊन बसा, बाकी मी बघतो." मावशी जाऊन बसल्या. घरात त्या कुणाची तरी बायको होत्या, कुणाची तरी वहिनी होत्या, आणि त्यांना विचारला जाणारा प्रश्न म्हणजे चहा झाला का, एवढाच. दुकानात मात्र लोक नाव न विचारताच मावशी म्हणायला लागले आणि काय काय विचारायला लागले. उत्तर देण्यापुरतं तरी तोंड उघडायला लागलं. सुख वगैरे म्हणता येणार नाही, पण दिवस जायचा. अकरा वर्षं अशीच गेली.

धंद्याची मेख त्यांना फार लवकर कळली. कन्सोल विकून दुकानदाराच्या हाती काही लागत नाही. भलंमोठं खोकं, त्याला जागा द्या, काच पुसा, चोरी झाली तर बोंबला, आणि शेवटी उरतं काय तर पिशवीचा खर्च. तरी प्रत्येक गेमचं दुकान कन्सोल ठेवतं, कारण ज्याने कन्सोल नेला तो डिस्कसाठी परत येणारच. नव्या डिस्कमध्ये थोडं सुटतं, आणि खरं सुटतं ते जुन्या डिस्कमध्ये. हा आणून देतो, तो घेऊन जातो, तो परत आणतो, तिसरा नेतो. आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा तो. नवरा म्हणायचा, "काचेत कन्सोल हवाच. त्याच्याशिवाय गेमचं दुकान म्हणजे नवरदेवाविना वरात."

मग हळूहळू खण उघडायचे कमी झाले. लोक गेम थेट घरच्या घरी उतरवून घ्यायला लागले, डाउनलोड की काय ते. मावशींना आधी वाटलं सुट्ट्या संपल्यात म्हणून असेल. मग वाटलं महागाई असेल. मग त्यांनी वाटून घ्यायचं सोडून दिलं. गल्लीतल्या शाळेतले एक मास्तर तेवढे नेमाने दर शनिवारी यायचे, एक डिस्क द्यायचे, एक न्यायचे आणि जाताना अर्धा तास मुख्याध्यापकांच्या चहाड्या सांगायचे. मावशी "हं, हं" करत ऐकायच्या. मुख्याध्यापकांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण रस्त्यात दिसले असते तर ओळखलं असतं.

एक दिवस माल पुरवणारा माणूस आला. कुठलीही तक्रार केली की "बघतो" म्हणायचं आणि काहीही बघायचं नाही, ही त्याची खासियत, म्हणून दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांवर त्याचं नाव बघतोसाहेब पडलं होतं. त्याने नव्या कन्सोलचं रंगीत चित्र मावशींपुढे पसरलं. पांढराशुभ्र, सडपातळ, सुंदर डबा.

मावशींनी तो चारी बाजूंनी पाहिला. "डिस्क कुठून घालायची?"

"डिस्क नाहीच याला, मावशी. सगळं डाउनलोड."

"मग मी काय विकू?"

"कन्सोल विका की! रांग लागेल रांग. सोबत थोडे गेमचे बॉक्स घ्यावे लागतील, तशी अटच आहे. आणि मार्जिनचं म्हणाल तर…" त्याने छताकडे पाहिलं. "बघतो."

दिराने, म्हणजे भाऊजींनी, त्या दिवशी दुकान बंद करताना विषय काढला. माणूस वाईट नव्हता. बोलायच्या आधी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर चार वेळा पुसला. "वहिनी, हे प्रकरण आता आपल्या आवाक्यातलं नाही राहिलं. आपल्या पैशाने त्यांचा डबा विकायचा, आणि पुढची सगळी कमाई त्यांनीच घरबसल्या करायची. त्यापेक्षा तुमच्या बाजूला कव्हरं, चार्जर, हेडफोन लावू. सतरा गिऱ्हाइकं येतात रोज."

"आणि मी?"

"तुम्ही कशाला दगदग करता आता? कव्हरांना एखादी मुलगी ठेवीन, हल्लीच्या मुलींना फोनची मॉडेलं पाठ असतात. तुम्ही घरी आराम करा. तुमचा वाटा महिन्याच्या महिन्याला पोचेल, त्याची काळजी नको."

आराम. मावशींनी तो नवरा गेल्यानंतरचा महिनाभर करून पाहिला होता. सकाळी उठून खिडकीशी बसायचं, समोरच्या गच्चीवरचे कपडे वाळलेले बघायचे, काढलेले बघायचे, की संध्याकाळ. मावशींना आता फारसं कशाचं भय उरलं नव्हतं, पण त्या खिडकीचं होतं. इथली खुर्ची गेली की ती खिडकी ठरलेली, हे त्यांना भाऊजींचं वाक्य पुरं व्हायच्या आत समजलं.

"एक खेप घेऊन बघू," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक परत आलं तर ठेवू. नाही आलं तर तुमची कव्हरं लावा."

भाऊजी म्हणाले, "तुम्ही ठरवाल तसं." आणि दिव्याचं बटण बंद केलं.

माल आला. कन्सोल काचेत लागले, खरंच देखणे दिसत होते. मावशींनी गेमचे बॉक्स पुढ्यात ओढले आणि हात आपोआप चालू लागले. पहिलं खोकं उघडलं, आत डिस्क नाही, नुसता घडीचा कागद. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. मावशी थांबल्या. डब्याला डिस्क लागत नाही हे ऐकलं होतं, पण गेमचं खोकं म्हणजे डिस्क हे काही त्यांच्या डोक्यातून जाईना. मग त्यांना हायसं वाटलं. अकरा वर्षं आपण जे हाताने करतोय, ते कंपनीनेच करून पाठवलं की! चोरी नको म्हणून खोकी आधीच रिकामी केली, डिस्कचं पुडकं मागून येईल. किती शहाणी माणसं. त्यांनी बघतोसाहेबाला फोन लावला. "डिस्कचं पार्सल वेगळं येतंय ना?"

तो गाडी चालवत होता. "बघतो मावशी, बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

मावशींनी घडीचे कागद नेहमीसारखे कचऱ्याच्या डब्यात टाकले, खोकी फळीवर लावली आणि खणात नव्या पाकिटांसाठी जागा करून ठेवली. कचरेवाला संध्याकाळी डबा रिकामा करून गेला.

रांग वगैरे लागली नाही, पण कन्सोल खपले. बहुतेकांनी नुसता कन्सोल उचलला, गेम घरून घेऊ म्हणाले. एक आजोबा मात्र नातीसाठी कन्सोल आणि हौसेने दोन खोकी घेऊन गल्ल्यापाशी आले. मावशी म्हणाल्या, "डिस्क अजून यायच्यात. तुम्ही खोकी न्या, डिस्क आल्या की मी घरी पोचवते."

त्यांच्यामागे मास्तर उभे होते. त्यांनी एक खोकं उघडून आत पाहिलं. "मावशी, डिस्क नसतेच यात. कागदावर एक कोड असतो, तो टाकला की गेम उतरतो. कागद कुठाय?"

मावशींनी कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. तो रिकामा होता.

आजोबांनी बिचाऱ्यांनी फक्त कन्सोल नेला, आणि खोकी अशी अलगद गल्ल्यावर ठेवली की जणू ती आधीच फुटलेली होती. बघतोसाहेब दुसऱ्या दिवशी म्हणाला की कोडचे कागद म्हणजेच माल, हरवलेला माल कंपनी परत देत नाही, आणि या वेळी त्याने "बघतो"सुद्धा म्हटलं नाही. एवढा तोटा दुकानाने त्या बाजूला कधी पाहिला नव्हता. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "होतं असं, वहिनी." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मावशींनी मनात चाचपून पाहिलं, लाज वाटतेय का, राग येतोय का. काही सापडलं नाही. त्यांनी काच पुसायला घेतली.

त्यानंतर त्या वाट बघत बसल्या. पूर्वी कन्सोल नेलेला माणूस आठवडा उलटायच्या आत दारात असायचा. लेक सासरी दिली तरी माहेरी चक्कर मारते. हे कन्सोल गेले ते गेलेच. नेणाऱ्यांपैकी कुणाचं तोंड पुन्हा दिसलं नाही. एक जण आला, तोही पलीकडच्या बाजूला, फोनची काच बदलायला.

मास्तरांनीही तोच कन्सोल नेला होता. पहिला शनिवार गेला, दुसरा गेला. शाळा गल्लीतच, त्यामुळे मास्तर रोज दुकानावरून जायचे, पलीकडच्या फुटपाथवरून हात करायचे. मावशी हात करायच्या. एका शनिवारी ते रस्ता ओलांडून आत आले, तेव्हा मावशींनी नकळत पाठीमागचा खण उघडला. मास्तरांच्या हातात जड कापडी पिशवी होती.

"घर आवरत होतो," त्यांनी पिशवी गल्ल्यावर रिकामी केली. "या सगळ्या तुमच्याकडच्याच. नव्या डब्यात यातली एकही लागत नाही."

मावशींनी एकेक खोकं उघडलं. एकेक डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. ओरखडा नाही, बोटाचा ठसा नाही. मास्तरांची वस्तू वापरायची तऱ्हाच तशी.

"तुम्ही आला नाहीत बरेच दिवस."

"अहो, काय सांगू मावशी, वाटलं की गेम पलंगावर पडल्या पडल्या घेता येतो. आळस, दुसरं काय!" मास्तर मोकळेपणाने हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं. "तुमच्याकडे यायला आता काही निमित्तच उरलं नाही बघा."

मावशींनी शेवटची डिस्क खोक्यात बसवली. टक. मग सगळा ढीग नीट रचून मास्तरांकडे सरकवला.

"घेत नाही आता."

हे वाक्य त्या दुकानात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. मावशींना ते दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून आल्यासारखं ऐकू आलं. मास्तर गडबडले. "नाही नाही, पैसे नकोच आहेत हो. घरी अडगळ होते, म्हणून. ठेवून घ्या तशाच." मग ते पायावर पाय बदलत थोडा वेळ उभे राहिले, मुख्याध्यापक निवृत्त झाले म्हणून सांगितलं, आणि गेले.

त्या संध्याकाळी बघतोसाहेबाचा फोन आला. पुढची खेप निघतेय, किती कन्सोल लिहू? भाऊजी पलीकडे फोनमध्ये डोकं घालून बसले होते, पण त्यांचा स्क्रू ड्रायव्हर थांबलेला मावशींना दिसला. एक खेप अजून, असं म्हटलं असतं तर भाऊजींनी अडवलं नसतं. आणखी सहा महिने खुर्ची राहिली असती. वर्षसुद्धा राहिली असती.

"नको," मावशी म्हणाल्या.

"नको? अहो, गेमचं दुकान आणि कन्सोल नाही? लोक काय म्हणतील?"

"कन्सोल विकला की त्याच्याबरोबर गिऱ्हाईकही तुम्हालाच विकलं जातं. आमच्याकडे नुसती पिशवी उरते. तुमचा डबा तुम्हीच विका बाबा." त्यांनी फोन ठेवला आणि पलीकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, कव्हरांच्या फळ्या मोजायला सुताराला बोलवा."

भाऊजींनी स्क्रू ड्रायव्हर पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "घाई नाही."

"घाई नाहीच. पण बोलवा."

सुतार यायच्या आदल्या दिवशी भंगारवाला पोतं आणि काटा घेऊन आला. जुन्या डिस्क घेणारं दुसरं दुकान गावात कधीच बंद झालं होतं, त्यामुळे प्लॅस्टिकच्या भावाने सगळं जायचं होतं. मावशी खुर्चीत बसल्या. फळीवरचं पहिलं खोकं त्यांनी उचललं आणि भंगारवाल्याचा हात पुढे आला, पण मावशी वळल्या, खणातून त्याची डिस्क काढली, ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, दोन्ही बाजू पाहिल्या, खोक्यात बसवली. टक. खोकं पोत्यात. मग दुसरं. मग तिसरं.

भाऊजींना राहवलं नाही. "वहिनी, भंगारात तर द्यायचंय. डिस्का वेगळ्या, खोकी वेगळी, काय फरक पडतो? कशाला बसवत बसताय?"

"रिकामं कसं द्यायचं?" मावशी म्हणाल्या.

भाऊजींनी आपल्या बाजूचं स्टूल ओढून आणलं, खणापाशी बसले आणि एकेक डिस्क काढून द्यायला लागले. निम्म्या चुकीच्या देत होते. मावशी नुसत्या मानेनेच नाही म्हणायच्या, मग ते परत शोधायचे. भंगारवालाही समजूतदार निघाला, त्याने बिडी काढून कानावर ठेवली आणि उंबऱ्यावर बसून घेतलं. एकामागून एक टक, टक होत भिंत मोकळी होत गेली. मास्तरांचा ढीगही गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या दुकानातली सगळी जुनी खोकी भरलेली होती, आणि ती पोत्यात होती.

खालच्या फळीवर नवी खोकी राहिली. त्यातलं एक मावशींनी मांडीवर घेऊन उघडलं आणि सवयीने मागे हात नेला. खण रिकामा होता. भाऊजींनी खालपर्यंत चाचपलं आणि हात पुढे करून दाखवला. खोक्यात मधोमध खुंटी होती, बाकीच्यांसारखीच. मावशींनी ती अंगठ्याने दाबून पाहिली. आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा दाबली.

आणि मग त्यांचा अंगठा सुरसुरायला लागला. आधी अंगठा, मग मनगट, मग खांदा. अंगभर मुंग्या आल्या. अकरा वर्षांच्या साठलेल्या मुंग्या, इतक्या की बसवेना आणि उठवेना. त्यांच्या तोंडून निघालेल्या आवाजाने भाऊजी स्टुलावरून ताडकन उठले. दादा गेला तेव्हासुद्धा त्यांनी वहिनींचा असा आवाज ऐकला नव्हता.

भंगारवाला पोत्याचं तोंड बांधत होता. त्याचं इकडे लक्ष नव्हतं. "मावशी," तो म्हणाला, "ती खुर्चीपण द्यायचीय ना?"

"देते," मावशी म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या होत्या. "थांब जरा. अजून मी बसलेय."